एक कान तुझा, एक माझा

शुक्रवारी सकाळी डोळे उघडले की पहिला हात फोनकडे जातो, आणि मेसेज-बिसेज बघायला नाही तर नवीन काय आलंय ते बघायला. गाणी शुक्रवारी येतात. ही माझी अंधश्रद्धा नाही बरं का, १० जुलै २०१५ पासून संगीत कंपन्यांनी जगभरासाठी शुक्रवार ठरवूनच टाकलाय, त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवार, अमेरिकेत मंगळवार, जर्मनीत शुक्रवार असा सगळा आनंदीआनंद होता, म्हणजे एकीकडे गाणं आलेलं आणि दुसरीकडचे लोक वाट बघत बसलेले, आणि वाट कोण बघतंय, सरळ चोरून डाउनलोड करायचे. आता सगळ्यांचा वार एक. त्यामुळे होतं काय की एका रात्रीत इतकी गाणी येऊन पडतात की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही.

मी दात घासताना सुरू करते. आणि मी भयंकर निर्दयी आहे, आवाजात उगाच रडवेलेपणा आला की स्किप, ड्रम मशीन तेच ते वाजायला लागलं की स्किप, ब्रश तोंडात आणि अंगठा फोनवर. पण मध्यंतरी एक गोष्ट कळली आणि अंगठा जरा अडखळायला लागला. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं तरच ते 'ऐकलं' म्हणून मोजतात. आणि २०२४ पासून तिथं असा नियम आहे की वर्षभरात निदान १००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत. म्हणजे कुणीतरी बिचारं ९९९ वर अडकलेलं असायचं आणि मी २८व्या सेकंदाला उडवायची! तेव्हापासून अनोळखी पोरापोरींच्या गाण्याला मी ३१ सेकंद देते म्हणजे देतेच, न आवडलं तरी, घड्याळाकडे बघत, चूळ भरायची थांबून.

याच तीस सेकंदांच्या भीतीने हल्ली बरीच गाणी दार उघडल्या-उघडल्या गळ्यातच पडतात, ना सुरुवातीचं संगीत ना काही, डायरेक्ट कोरस. मला ते नाही आवडत. गाण्याने जरा उंबऱ्यावर थांबावं, चपला काढाव्यात. अर्थात तीन मिनिटांचं गाणं हेसुद्धा कुणी कलेचा विचार करून ठरवलेलं नव्हतंच, जुन्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावायचं म्हणून ते तेवढं झालं, मग १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आली तिच्यावरही साधारण तेवढंच, आणि आता मावायचा प्रश्नच उरलेला नाही तरी सवय काही गेली नाही. आधी तबकडी ठरवायची, आता माझा अंगठा ठरवतो. तबकडी बरी होती म्हणायची.

तर अशाच एका शुक्रवारी ते गाणं सापडलं. नाव सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही म्हणाल हे तर आम्ही कधीच ऐकलंय आणि माझा सगळा मूड जाईल. भाषा कळत नव्हती. बहुतेक झोपायच्या खोलीतच रेकॉर्ड केलेलं, एक गिटार, एक आवाज, आणि दुसऱ्या कडव्याच्या आधी खुर्ची कुरकुरते ती स्पष्ट ऐकू येते. मोठ्या स्टुडिओत ती कुरकुर पुसून टाकली असती. मोठ्या कंपनीशिवाय आपलं आपण काढलेल्या अशा संगीताला इंडी म्हणतात, आता इंडी म्हणजे नक्की काय यावर लोक तासन्‌तास भांडतात पण माझ्यापुरती व्याख्या हीच, खुर्ची ठेवलीय. १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने ओळखीपाळखीच्यांकडून उधारउसनवारी करून स्वतःच एक रेकॉर्ड काढली, पहिल्यांदा १००० प्रती, आणि तिच्या कव्हरवर छापलं की हे गाणं कितव्या टेकचं, म्हणजे कितव्या प्रयत्नातलं आहे आणि त्यावर मागून किती वेळा काय चढवलंय. म्हणजे बघा, असं केलंय, तुम्हीपण करू शकता. ती खुर्ची त्याच घरातली.

आता गाणं आवडलं की पुढचा त्रास सुरू होतो, हे कुणाला पाठवू? आणि लगेच पाठवायला हवं, कारण दुसऱ्या कुणी आधी पाठवलं तर? हा एक आजारच आहे. 'मी आधी ऐकलं होतं.' कोण विचारतंय, कोण बक्षीस देतंय, काही नाही, पण उद्या ते गाणं गाजलं, रील्समध्ये आलं की मला कुणालातरी गाठून सांगायचंच असतं की याचे तीनशे प्ले होते ना तेव्हापासून ऐकतेय मी. गाजल्यावर तेच गाणं मला थोडं कमी आवडायला लागतं हेही खरं, आणि याची मला लाज वाटते, पण थोडीच.

ग्रुपवर मी गाणी टाकत नाही. ग्रुपवर टाकलेलं गाणं म्हणजे दोन अंगठे आणि त्याखाली कुणाच्यातरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. गाण्याला पत्ता लागतो. भाचीला बेस दणदणीत असलेली पाठवते, ती 'मावशी, हे जरा तुझ्या वयाचं आहे' असं तोंडावर सांगते त्यामुळे तिच्यावर माझा विश्वास आहे. बाकीचे गोड बोलतात. तीन मिनिटं दहा सेकंदांचं गाणं पाठवलं आणि चाळिसाव्या सेकंदाला 'कमाल! लूपवर ऐकतेय' असा रिप्लाय आला की समजायचं काय ते. मी काही बोलत नाही कारण मीपण हेच करते, लोकांनी पाठवलेल्या किती लिंका माझ्याकडे 'रात्री नीट ऐकते गं' या अवस्थेत पडून आहेत त्याची गणतीच नाही.

या बाबतीत माझा देव एकच, बीबीसी रेडिओ वनवर गाणी लावणारा निवेदक जॉन पील. १९६७ ते २००४, नवनवीन बँडच्या रेकॉर्डी आणि टेपा ढिगाने ऐकायचा आणि आवडलं ते लावायचा, कधीकधी चुकीच्या स्पीडवर लावायचा आणि मग माफी मागायचा. इतकी वर्षं लोकांना 'हे ऐकलंत का' विचारत राहायचं! आपण एक लिंक पाठवतो आणि निळी टिक झाली की नाही बघत बसतो.

तर ते खुर्चीवालं गाणं. ते मी माझ्या एका जुन्या मित्रासाठी राखून ठेवलं, लिंक न पाठवता. प्रवासात शेजारी बसलो होतो, माझ्याकडे अजून वायरवाले इयरफोन आहेत, उजवा त्याला दिला, डावा मी घेतला. आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसले. हे करू नये हे मला माहितीये, कुणी आपल्याकडे असं टक लावून बघत असताना माणूस गाणं ऐकणार कसं, तो परीक्षेला बसल्यासारखा मान हलवत होता. मी म्हणलं, "आता गिटार ऐक, आत्ता येईल बघ." तो म्हणाला, "कुठली गिटार?" "अरे ही काय, एवढी मोठी!" "अगं, इथे फक्त कुणीतरी खुळखुळा वाजवतंय."

मला वाटलं चेष्टा करतोय. मग लक्षात आलं की गिटार सगळी डाव्या बाजूला आहे, म्हणजे माझ्याकडे, आणि मी मोठ्या उदारपणे त्याला अर्ध्या गाण्याची उरलेली बाजू देऊन ठेवलीय. इयरफोन बदलले, पुन्हा पहिल्यापासून लावलं. आणि आता पंचाईत अशी की माझ्या कानात गिटार नाही, नुसता तो खुळखुळा, मधूनच घेतलेला श्वास, आणि अगदी मागे, फार हळू, दुसरा एक आवाज बरोबर गुणगुणतोय. दुसरं माणूस होतं त्या खोलीत! वीसेक वेळा ऐकलं असेल मी ते गाणं, कधी कळलंच नव्हतं. त्याला सांगायला गेले तर त्याने हाताने गप्प केलं, कारण त्याच्याकडे गिटार आली होती.

मग ती खुर्ची नेमकी कोणाची कुरकुरते, गाणाऱ्याची का गुणगुणणाऱ्याची, यावर उतरेपर्यंत वाद.

दोनेक महिन्यांनी, वार शुक्रवारच, त्याचा मेसेज आला. एक लिंक. खाली लिहिलेलं, "हे ऐकलंस का? वेडं गाणं आहे. हेडफोन लावूनच ऐक, मागे एक आवाज आहे." तेच गाणं. तसंच्या तसं तेच. गडी कुणी दिलं हेच विसरला होता.

मी टाइप केलं, 'अरे हे तर मीच तु' आणि खोडलं. आणि लिहिलं, "नाही रे, कोणाचंय?"