टिल्ल्याचा फेरन, श्रीनगरच्या जुन्या शहरात

दल सरोवर आणि मुघल बागा झाल्या की आपली बहुतेक मराठी मंडळी गुलमर्गची वाट धरतात. मी मात्र जुन्या शहरात जायचा हट्ट धरला होता. झेलमवरच्या झैना कदल पुलाच्या आसपास तांबटांच्या हातोड्यांचा आवाज ऐकत गल्लीबोळ पालथे घातले. मला टिल्ल्याचं काम बघायचं होतं: बायकांच्या फेरनवर सोनेरी-रुपेरी तारेने केलेलं भरतकाम.

फेरन हा पायघोळ, सैल अंगरखा. थंडीत बाहीतून हात आत ओढून घेऊन निखाऱ्यांची कांगडी (टोपलीतली छोटी शेगडी) पोटाशी धरता यावी, इतका ऐसपैस. पुरुषांचा साधाच असतो. बायकांच्या फेरनवर मात्र गळ्यापासून छातीपर्यंत, बाह्यांच्या टोकांना, खिशांना नक्षी. आणि नवरीच्या कपड्यांत टिल्ल्याच्या फेरनचा मान मोठा.

एका माडीवर खिडकीशी एक वयस्कर कारागीर, चाचा, बसले होते. भरतकामाची चौकट नाही, उभ्या गुडघ्यावर गडद लाल कापड पसरलेलं. त्यावर चिनारची पानं आणि कोयऱ्या आधीच उमटलेल्या. हे काम नक्काशाचं. तो कागदावर नक्षी काढतो, रेघांवर सुईने भोकं पाडतो आणि त्यांतून पूड घासून ती कापडावर उतरवतो. चाचांनी तार रेघेवर नुसती ठेवली आणि बारीक सुती दोऱ्याने टाचत पुढे नेली. पानाच्या टोकाशी आले की अंगठ्याने तार दाबायची, वळवायची, पुन्हा टाका. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे!

“आता उलटं करून बघा,” चाचा म्हणाले. मागे सगळे सुती टाके, सोनेरी तार दिसेचना. पैठणीत जरीची तार विणीतच असते. इथे तार कापडाच्या अंगावर वसते, म्हणून सगळी झळाळी वरच्या बाजूला.

2021 साली युनेस्कोने श्रीनगरला हस्तकला आणि लोककलांसाठी सर्जनशील शहरांच्या जाळ्यात घेतलं. तरी बाजारात यंत्रावर भरलेले फेरन ढिगाने आहेत. ते स्वस्त आहेत, खुशाल घ्यावेत. पण हातकाम म्हणून विकणं मला अन्यायाचं वाटतं, कारण त्यात चाचांसारख्यांची मजुरी मारली जाते. त्यामुळे दुकानात फेरन आधी उलटा करून बघा. आणि काम खरंच हाताचं निघालं, तर भावात फार घासाघीस करू नका.