रस्त्यावरच्या दिव्याची आयपी ६६ चाचणी: माझा अनुभव

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात रस्त्यावरचे एलईडी दिवे बनतात. नव्या मॉडेलच्या चाचण्या करून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. आयपी म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरण्यापासून बचावाचा दर्जा; आयपी ६६ मधला पहिला ६ धुळीचा, दुसरा जोरदार पाण्याचा.

धुळीचं सहज पार पडलं. टाल्कम पावडर उडवलेल्या पेटीत दिवा ठेवून आतली हवा पंपाने खेचतात. उघडला तेव्हा आतून स्वच्छ होता. अडलं ते पाण्याशी.

१२.५ मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला १०० लिटर पाणी, अडीच-तीन मीटरवरून, सगळ्या बाजूंनी. असाच फवारा कारखान्यात मारून पाहिला, तेव्हा दिवा कोरडा निघाला होता. लॅबने मात्र तो आधी चालू ठेवून पुरता तापवला, बंद केला आणि लगेच पाणी सोडलं. झाकण काढलं तर केबल ग्लँडपासून (केबल आत शिरते तिथला घट्ट बसणारा भाग) ड्रायव्हरपर्यंत (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) ओघळाची बारीक रेघ!

ऑफिसातून एकच धोशा, गॅस्केट, म्हणजे झाकणाच्या सांध्यातली रबरी पट्टी, बदला. लॅबमधले जुने टेक्निशियन म्हणाले, "मॅडम, गॅस्केट चांगलं आहे हो. दिव्याला श्वास घ्यायला जागाच नाही." त्यांचं अगदी बरोबर होतं. तापल्यावर आतली हवा फुगते आणि फटीतून थोडी बाहेर पडते. वरून गार पाणी पडलं की उरलेली हवा आकसते, आतला दाब घटतो आणि पाणी आत ओढलं जातं. जुलैत संध्याकाळी दिवे लागून तापल्यावर पाम बीच रोडवर सर कोसळते, तेव्हा हेच घडतं. म्हणून गार दिव्यावरच्या चाचणीवर माझा आता भरवसा नाही.

गॅस्केट तेच ठेवलं, बॉडीला व्हेंट प्लग बसवला. त्यातला पडदा हवा जाऊ देतो, पाणी अडवतो. शिवाय ग्लँड केबलच्या जाडीप्रमाणे बदलला. पुन्हा तापवून फवारा मारला, आत टिपूसही नाही.

मग सॉल्ट स्प्रे, म्हणजे खाऱ्या धुक्यात गंज तपासायची चाचणी. खाडी जवळ, त्यामुळे ही चाचणी आम्ही हट्टाने करतो. पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला रंगाचा थर) दिलेल्या धातूच्या पट्टीवर धातूपर्यंत चरा मारून ती ३५ अंशांच्या चेंबरमध्ये, ५ टक्के मिठाच्या धुक्यात ठराविक तास ठेवतात. चऱ्याच्या कडेने कोटिंग किती सुटतं ते बघायचं. आमचं कोटिंग टिकलं, बोल्ट मात्र गंजले, ते आता ३१६ स्टेनलेसचे, म्हणजे खाऱ्या हवेत जास्त टिकणाऱ्या स्टीलचे, घेतो.

ग्राहक हमखास विचारतात, चाचणीतले इतके तास म्हणजे बाहेरची किती वर्षं? तसा हिशोब या चाचणीतून निघत नाही, दोन कोटिंगमधलं डावं-उजवं तेवढं कळतं. मी त्यांना दोन्ही कोटिंगच्या पट्ट्यांचे फोटो शेजारी-शेजारी ठेवून दाखवते.