मावशीचे पैसे येत होते, फक्त दुसऱ्याच खात्यात

मावशीचे निराधारचे पैसे २०२५ च्या सुरुवातीला अचानक थांबले. संजय गांधी निराधार योजनेतून विधवा म्हणून तिला महिन्याला १५०० रुपये मिळतात. २०२३ पर्यंत कमी होते, मग वाढले. पासबुक छापून आणावं तर शेवटची नोंद जुनीच. बँकेत विचारलं तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, "आधार लिंक आहे, आमच्याकडे काही अडलेलं नाही." तहसीलला संजय गांधी शाखेतल्या मॅडमनी कॉम्प्युटरवर नाव काढून दाखवलं, "इथून गेलेत की पैसे." दोघंही खरंच सांगत होते. मावशीला मात्र कळेना की आता कुणाशी भांडायचं.

मी नाशिकच्या सातपूरला एका कंपनीत पॅकिंगला आहे. मावशीचा पाडा पेठ-सुरगाण्याच्या पट्ट्यात, सावळघाट ओलांडून बराच आत. थोडी वरकस जमीन, तिच्यात नागली, वरई, खाली भाताचं एक खाचर. पावसाळा सरला की दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जायचं, छाटणीपासून माल निघेपर्यंत. मुलगा आश्रमशाळेत शिकतो. कागदपत्रांचं काम निघालं की फोन मला येतो.

आधी काय व्हायचं, तर तहसीलमधून बँकेत यादी जायची आणि पैसे खाते नंबरावर पडायचे. डिसेंबर २०२४ पासून हे अनुदान डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात, द्यायला सुरुवात झाली. त्यात पैसे आधार नंबरावर निघतात आणि तो आधार ज्या बँकेशी जोडलेला असेल तिथे जाऊन पडतात. इथेच सगळा घोळ आहे. तुमचा आधार दहा खात्यांना दिलेला असू शकतो, पण डीबीटीसाठी एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत एका वेळी एकच बँक असते, आणि शेवटी जिथे संमती दिली ती धरली जाते. बँकेतले साहेब "लिंक आहे" म्हणाले ते त्यांच्या खात्यापुरतं. "सीडिंग कुठे आहे?", म्हणजे एनपीसीआयच्या नोंदीत कोणती बँक आहे, हा प्रश्न वेगळा. तो विचारायचा असतो हे मला आमच्या कंपनीतल्या अकाउंट्सच्या दादांनी सांगितलं, कारण त्यांच्या सासूबाईंचंही असंच झालं होतं.

सीडिंग कुठे आहे ते आधारच्या वेबसाइटवर दिसतं, पण ओटीपी लागतो. मावशीच्या आधारला नंबर होता वारलेल्या काकांचा, आणि ते सिम कधीच बंद पडलेलं. म्हणजे आधी मोबाईल नंबर बदलणं आलं, त्यासाठी आधार केंद्र. फी तेव्हा ५० रुपये होती, ती काही जड नव्हती. जड होता तो दिवस. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे हे चांगलंच आहे, पण पाड्यावरून फाट्यापर्यंत चालत, मग गाडीची वाट, मग केंद्रावर नंबर, मग "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या". त्या दिवसाची मजुरी गेली ती गेलीच. पंधराशे मिळवायला किती रोज बुडाले हा हिशेब मावशी करत नाही, मी मात्र मनात करत होते.

तिथे बोटं लागेनात. मावशीचे हात बघण्यासारखे आहेत: अंगठ्याच्या पेरावर रेषा उरलेल्याच नाहीत, नुसती गुळगुळीत चकाकी, आणि तर्जनीला छाटणीच्या कात्रीचा घट्टा. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांवर पेस्ट लावायचं काम असतं, त्याने हाताची सालपटं निघतात, हातमोजे सगळ्याच मळ्यांत मिळतात असं नाही. केंद्रातल्या पोराने फडक्याने पुसून, तेल लावून, दहाही बोटं फिरवून पाहिली. शेवटी मावशीचे डोळे स्कॅन करून काम झालं. "बोटानी काम करून करून बोटं गेली, आता डोळं चालतात," असं म्हणून ती स्वतःच हसली.

नंबर चढल्यावर ओटीपी आला आणि बँकेचं नाव समोर आलं. ते आम्ही दोघींनीही कधी ऐकलेलं नव्हतं. मावशी थोडा वेळ आठवत राहिली, मग म्हणाली, "ते छाटणीला आलेलं पोरगं." मळ्यावर मजुरांच्या झोपड्यांपाशी एक जण मशीन घेऊन आला होता. खातं उघडा, विमा फुकट, पैसे जागेवर. सगळ्या बायांनी अंगठा दिला, मावशीनेही दिला. मोबाईल नंबर मुकादमाचा लावला, कारण तिथे रेंजवाला फोन त्याचाच. पैसे जमा झाल्याचे मेसेज त्याच्या फोनवर पडत होते. त्याला विचारलं तर म्हणतो, "ताई, दिवसाला शंभर मेसेज येतात, कोण वाचतंय?" खोटं बोलत असेल असं मला वाटत नाही. पण बाईच्या नावाचे पैसे आणि त्याची खबर मुकादमाच्या खिशात, हे मला अजून खटकतं.

पैसे मात्र सगळे होते. साडेसात हजार. अंगठा लावून पैसे देणाऱ्या मशीनवर पहिला प्रश्न असतो, "बँक कोणती?" इतके दिवस मावशी जुन्या बँकेचं नाव सांगत होती आणि शिल्लक शून्य दिसत होती. या वेळी नवं नाव सांगितलं. डाव्या हाताची अनामिका लागली आणि नोटा हातात आल्या.

पुढे सीडिंग कुठे ठेवायचं यावर आमचं थोडं वाजलं. माझं म्हणणं जुनीच मोठी बँक बरी. मावशीचं म्हणणं, बँक तालुक्याला आहे, पोस्टमन पाड्यावर येतो. तिचं बरोबर होतं. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेत खातं उघडलं, आधार तिकडे जोडायची संमती दिली, आणि मोबाईल नंबर तिचा स्वतःचा. आता पोस्टमनकाका मशीन घेऊन येतात. रेंजसाठी सगळ्यांना टेकाडावर चढावं लागतं, पण तालुक्याची फेरी वाचली.

त्या साडेसात हजारांचं काय झालं ते सांगते, कारण आमच्याकडे डब्याच्या सुट्टीत हा विषय निघाला की "फुकटचे पैसे दारूत जातात" असं कुणीतरी म्हणतंच. २०२५ च्या मे महिन्यातच अवकाळीने झोडपायला सुरुवात केली होती आणि मावशीचं छप्पर गळत होतं. आधी ताडपत्री आणि थोडी कौलं आली. मग किराणा दुकानाची उधारी, सगळी नाही, निम्मी. खत. मुलाला शाळा उघडायच्या आधी चप्पल. उरले ते पोस्टातच ठेवले. मध्य प्रदेशात २०११ मध्ये सेवा या कष्टकरी बायकांच्या संघटनेने काही गावांत घरातल्या प्रत्येक माणसाला, मुलांनाही, महिन्याला ठरावीक रोख देऊन पाहिली होती. तिथेही दारूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही. धान्य, बी-बियाणं, मुलांची शाळा यांवर पैसे गेले. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "एवढं शिकायला मध्य प्रदेशात कशाला जायचं?"

दुसरं बोलणं द्राक्षवाल्यांचं. लाडकी बहीण आल्यापासून बाया कामाला येत नाहीत, असं निफाडकडे सर्रास ऐकू येतं. २०२५-२६ चा रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, म्हणजे १५०० रुपये पाच दिवसांची मजुरीसुद्धा होत नव्हती. एवढ्यावर कोण घरी बसेल? मावशी त्या वर्षीही छाटणीला गेली. फरक इतकाच की श्रावणात मुकादमाकडून उचल घेतली नाही. उचल घेतली की रोजाचा दर तो ठरवतो आणि मळाही तोच ठरवतो. या वेळी दोन मुकादमांना दर विचारून मग ती निघाली. मजूर मिळत नाहीत म्हणणाऱ्यांची खरी तक्रार हीच असावी, अशी मला शंका आहे.

सरकारच्या हिशेबाचं एक कोडं मात्र मला सुटलेलं नाही. लाडक्या बहिणीला कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. निराधार विधवेला वर्षाचं २१,००० च्या आत लागतं, म्हणजे महिन्याला १७५०. रक्कम दोन्हीकडे १५००, आणि दोन्ही एकदम मिळत नाहीत. एवढ्या उत्पन्नात खरोखर कोणाचं घर चालतं? तरी दाखला तसाच काढावा लागतो, आणि तो देणारा, घेणारा, तपासणारा सगळ्यांनाच ते ठाऊक असतं.

मळ्यावर अंगठा दिलेल्या बाकीच्या बायांचंही बघणं चालू आहे. एकीचे लाडक्या बहिणीचे पैसे त्याच खात्यात सापडले. दुसरीच्या आधारला अजून मोबाईल नंबरच नाही, आणि तिची तर पोस्टाच्या मशीनवरही बोटं लागत नाहीत. तिला आधार केंद्रावर न्यायचंय, मला सुट्टी मिळाली की.