चिठ्ठीवर ‘तारली’, बाटलीत दुसरंच

नाशिकला समुद्र नाही, पण आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात डहाणूकडचे माशांच्या लार्व्ह्यांचे, म्हणजे अंड्यातून निघालेल्या पिल्लांचे, नमुने तपासायला येतात. परवाच्या बाटल्यांतल्या चिठ्ठ्यांवर पेन्सिलीने ‘तारली’ या माशाचं नाव लिहिलेलं. बाटल्या मात्र अर्ध्याच भरलेल्या. मोखाड्याच्या वळणांवर आतलं द्रावण हिंदकळलं की सेंटिमीटरभर लार्व्ह्याचे पर आधी फाटतात. बाटली गळ्यापर्यंत भरावी, हवेला जागा ठेवू नये, हे किती वेळा सांगायचं!

तरी परांचे किरण, म्हणजे आतल्या काड्या, तुटले तरी त्यांचा पाया अंगात शाबूत असतो, आणि ओळख पटवायला तो पुरतो. बारा-चौदा मिलिमीटरचा एक लार्व्हा ग्लिसरीनच्या थेंबात आडवा केला, सूक्ष्मदर्शकावर ध्रुवण (एकाच दिशेची प्रकाशकंपनं सोडणाऱ्या) फिल्टरची जोडी लावून वरचा फिल्टर हळूहळू फिरवला. पार्श्वभूमी काळी झाली आणि अंगावरचे स्नायूंचे पट्टे, म्हणजे मायोमिअर, एकेक करून उजळले. मोजणी चाळीसच्या आसपास. इथे बरेच जण फसतात, कारण तारलीचं कूळ आणि मांदेलीचं कूळ, दोन्हींत हा आकडा येऊ शकतो. दोघांचं अंग लांबुडकं, आतडं सरळ नळीसारखं.

निकाल लागतो तो गुदद्वाराच्या जागेवर. तारलीच्या कुळात पाठीचा पर संपल्यावर काही मायोमिअर सोडून मागे गुदद्वार असतं. इथे ते पाठीच्या पराच्या पायाखालीच होतं, आणि गुदपराची, म्हणजे गुदद्वारामागच्या पोटाकडच्या पराची, सुरुवातही तिथूनच. म्हणजे मांदेलीचं कूळ. खुद्द मांदेली नव्हे; तिचा गुदपर शेपटीपर्यंत लांबत जातो, याचा आखूड होता. ही खूण पर तयार झाल्यावरच चालते. नोटोकॉर्डचं (कण्याआधीच्या लवचीक दांड्याचं) टोक अजून वर वळलेलं नाही अशा लहानग्यांना कुळापलीकडे नाव देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या बाटलीत तर तारलीचा संबंधच नव्हता. मायोमिअर जेमतेम सव्वीस, अंगाच्या मध्यावर फुगीर हवेची पिशवी आणि तिच्या पाठीवर काळ्या रंगपेशी. गोबी कुळातले मासे! चिखलातल्या निवटीचे भाऊबंद. गोबींच्या जाती इतक्या की रंगपेशींवरून जात सांगणं धाडसाचं. डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या तुकड्यावरून जात ओळखणं, करावं तर सगळे नमुने फॉर्मेलिनमध्ये, त्यात डीएनए तुटतो. थोडे लार्व्हे जाळ्यातून काढताक्षणीच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवले असते तर हे काम सोपं झालं असतं.

फॉर्मेलिनचं आम्लपणही तपासलं. लिटमस लाल झाला. आम्लपण मारायला बोरॅक्स घातलेलं नव्हतं, त्यामुळे ज्यांच्या थरांवरून वय मोजतात ते कानातले खडे विरघळले होते. म्हणजे वयाचा अंदाजही गेला. नोंदवहीत पहिल्या बाटलीपुढे ‘एन्ग्रॉलिडी’ (मांदेलीचं कूळ), दुसरीपुढे ‘गोबिडी’ (गोबींचं कूळ) लिहिलं. जातीचा रकाना कोराच सोडला.