चिमूटभर ऊब

थंडी पडू लागली की आमच्या मसाल्याच्या डब्यात मिरी, लवंग, दालचिनी आणि सुंठ पुढच्या वाट्यांत येतात. हे जिन्नस जितके जास्त घालावेत तितकी ऊब जास्त, अशी माझी पूर्वी पक्की समजूत होती. त्या भरात एकदा दोन कप पाण्यात दहा-बारा लवंगा उकळून मी काढा केला. पहिल्याच घोटाला जीभ बधिर झाली आणि छातीतली जळजळ रात्रभर काही थांबली नाही. लवंगेतले युजेनॉल दंतवैद्य दात बधिर करण्यासाठी वापरतात, हे पुढे वाचनात आले तेव्हा माझे मलाच हसू आले.

मिरीतील पायपरिन आणि मिरचीतील कॅप्सेसिन ही द्रव्ये शरीर फारसे तापवत नाहीत. एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता टिपणाऱ्या मज्जातंतूंवरच्या संवेदकांना ती द्रव्ये चेतवतात आणि म्हणून आपल्याला गरम भासते. खरी ऊब मिळते ती गरम, पातळसर आणि पोटभर अन्नातून, आणि मसाला ते अन्न आवडीने खायला लावतो, एवढेच त्याचे काम मी आता मानते.

त्यामुळे संध्याकाळी मी बहुधा डाळ आणि गाजराचे सूप करते. चमचाभर तुपात चार-पाच मिरे जाडसर ठेचून टाकायचे, वास सुटला की लगेच हळद घालायची आणि ती करपण्याआधी शिजवून घोटलेली डाळ व गाजर त्यावर ओतायचे. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याला स्निग्ध पदार्थच लागतो, आणि मिरीमुळे ते शरीरात अधिक शोषले जाते. आले वाळताना त्यातील जिंजेरॉलचे त्याहून तिखट शोगाओल बनते, म्हणून किसलेल्या आल्याऐवजी सुंठ घ्यायची असेल तर मी चिमटीच्या पुढे जात नाही.

दालचिनीचे मात्र थोडे जपून. जाड सालीच्या कॅसिया प्रकारात कुमारिन बरेच असते आणि ते रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास यकृताला त्रास होऊ शकतो. पातळ पापुद्र्यांची सिलोन दालचिनी या बाबतीत सौम्य असते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी तर हळद किंवा आल्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

मसाले मी अख्खेच ठेवते आणि लागतील तेवढेच कुटते, कारण पूड केली की सुगंधी तेल लवकर उडून जाते. परवा झाकण काढताच सुपाच्या वाफेने चष्मा धुरकटला आणि आतल्या खोलीतून विचारणा आली, “झाले का?”