स्नोबर्डच्या 'ग्रेट स्कॉट'वर एक सकाळ

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीच्या आग्नेयेला लिटल कॉटनवूड कॅन्यन नावाची अरुंद दरी आहे. तिच्या दक्षिण अंगाच्या उत्तराभिमुख उतारांवर 1971 पासून स्नोबर्ड हे स्की रिसॉर्ट वसलेले आहे. 'ग्रेट स्कॉट' ही तिथलीच एक अवघड घळ. पुणेकर ज्या सहजपणे रविवारी सिंहगड गाठतात, त्याच सहजपणे आम्ही इथली मंडळी सकाळी स्की घेऊन या दरीकडे निघतो. मात्र रात्रभर हिमवर्षाव झाला असेल, तर रस्त्यावर कोसळू शकणारे उतारांवरचे हिम स्फोटकांनी आधीच पाडून घेईपर्यंत वाहतूक थांबवून ठेवतात आणि गाड्यांची रांग दरीच्या तोंडाशी मुकाट्याने उभी राहते. 2002 चे हिवाळी ऑलिम्पिक याच परिसरात झाले, तरी त्यातली एकही शर्यत या दरीत झाली नाही. इथल्या वाटेचा अडनिडेपणा पाहता त्याचे मला कधी नवल वाटले नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस अशाच एका हिमवर्षावानंतर कोल्हापूरचा एक मित्र आणि मी ट्रॅमच्या रांगेत उभे होतो. ट्रॅम म्हणजे सव्वाशे माणसे मावणारी, तारेवरून चालणारी पेटी. सुमारे 2,470 मीटरवरून ती साधारण दहा मिनिटांत 3,350 मीटरच्या हिडन पीकवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून थोड्या अधिक उंचीवर नेऊन सोडते. खिडकीतून उजवीडावीकडचे उतार नीट न्याहाळता येतात आणि जाणकार मंडळी ती दहा मिनिटे गप्पांत घालवत नाहीत. वाऱ्याने हिम कुठे उडवून नेले आहे, कुठे साचवले आहे आणि कुठे खडक उघडे पडले आहेत, हे एकदा खालून पाहिले की वर गेल्यावर अंदाज बांधणे सोपे जाते.

अमेरिकेत उतारांची वर्गवारी हिरवा गोल, निळा चौरस आणि पत्त्यांतल्या चौकटीसारखी काळी खूण अशी करतात. अतिकठीण उतारांवर अशा दोन काळ्या खुणा असतात. ही वर्गवारी प्रत्येक रिसॉर्ट आपापल्या डोंगरापुरती ठरवते, त्यामुळे एखाद्या लहानशा टेकडीवरची काळी खूण स्नोबर्डवर कुणाच्या खिजगणतीतही येणार नाही. शिवाय पाटी फक्त उतार सांगते, त्या दिवशीचे हिम कसे आहे ते सांगत नाही, आणि माझ्या मते अवघडपणाचा निम्म्याहून अधिक भाग हिमावरच ठरतो.

हिडन पीकवरून निघणाऱ्या 'सर्क' या वाडग्यासारख्या खोलगट भागाच्या धारेवर उजव्या अंगाला 'ग्रेट स्कॉट'चे तोंड आहे. सुमारे 40 अंशांची ती घळ गस्ती पथकाने नुकतीच खुली केली होती. सह्याद्रीतल्या नाळा उतरलेल्या माणसाला वरून दिसणारे दृश्य ओळखीचे वाटते, कारण दोन्ही बाजूंना कातळ असतो, मधे अरुंद वाट असते आणि पहिल्या काही मीटरांपलीकडचे काहीच दिसत नाही. तोंडाशी वाऱ्याने हिम थापून घट्ट केले होते. तिथे स्कीची धार खरवडल्यासारखी वाजत होती, आणि त्याच्या जेमतेम चार हात खाली गुडघाभर भुसभुशीत हिम होते. सगळा कस लागतो तो या सांध्यावर, कारण घट्ट हिमावर धार रोवून उभे राहावे लागते आणि मऊ हिमात शिरताक्षणी ती पकड सैल सोडावी लागते.

"तू हो पुढे, मी वरून लक्ष ठेवतो," मित्र म्हणाला.

अशा उतारावर शरीर आपोआप डोंगराकडे कलते आणि तेच घातक असते, कारण भार वरच्या पायावर गेला की खालची स्की सुटते. म्हणून छाती दरीकडे ठेवून पोल, म्हणजे हातातली काठी, खाली, जरा पुढे टेकवायचा आणि दोन्ही स्की एकदम उचलून हवेतच वळवायच्या. पहिली दोन वळणे अशी उडीची झाली. तिसऱ्या वळणाला मागून सळसळ ऐकू आली, कारण मी मोकळे केलेले सुटे हिम माझ्याच वेगाने खाली निघाले होते. अशा वेळी त्याच्यापुढे पळण्यात शहाणपण नसते. मी घळीच्या डाव्या कडेला कातळाजवळ सरकलो आणि तो ओघ पुढे जाऊ दिला. मग त्याने खरवडून काढलेला पट्टा टाळून शेजारच्या अस्पर्श हिमातून उतरत राहिलो. घळ रुंद झाली तशी वळणेही लांबली आणि एरवी हिशोबात अडकलेले डोके तेवढ्यापुरते रिकामे झाले. तळाशी थांबून वर हात केला, तेव्हा मित्र निघाला. उतारावर एका वेळी एकच माणूस असावा, हा आमचा दंडक आहे.

त्यानंतर पेरुव्हियन या तारेवरच्या खुर्च्यांच्या लिफ्टने वर जाऊन डोंगरातल्या बोगद्यातून आम्ही पलीकडच्या बाजूला, मिनरल बेसिनकडे गेलो. ही बाजू दक्षिणेकडे तोंड करून असल्याने अकराच्या उन्हाने वरचा थर ओलसर झाला होता आणि स्की त्यात गम लावल्यासारख्या अडकत होत्या, त्यामुळे एका फेरीतच आम्ही तिचा नाद सोडला.

परतीसाठी 'चिप्स रन' हा निळा, सुमारे चार किलोमीटरचा सोपा मार्ग धरला. सकाळपासूनच्या गर्दीने त्यावर जागोजागी उंचवटे तयार झाले होते, नवशिके मधेच आडवे थांबत होते आणि आमच्या मांड्या आधीच भरून आल्या होत्या. 'ग्रेट स्कॉट'वर आम्ही कुठेही दमून थांबलो नव्हतो. या सोप्या वाटेवर मात्र तळ गाठेपर्यंत तीनदा बसकण मारली.