पद्मिनीच्या ड्रममधली राख

वडील गेल्यावर त्यांची प्रीमियर पद्मिनी गाडी अकरा वर्षं घरामागच्या शेडमध्ये उभी होती. १९८४ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला. टायर बसलेले, सीटमधला काथ्या बाहेर आलेला, पण बॉडीचा पत्रा अजून बरा होता. गेल्या दिवाळीनंतर ठरवलं, गाडी परत चालती करायची आणि मुळापासून करायची. कोल्हापुरातल्या उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींनी वडिलांच्या हयातीत ही गाडी सांभाळली, तेच आले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. चाळीस वर्षांच्या वर या धंद्यात आहेत.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. ड्रम गंजून धरला होता. लाकडी ठोकळा लावून हातोड्यानं चहूबाजूंनी ठोकल्यावर कुठे तो सुटला. आत करड्या रंगाची भुकटी होती, अंगाऱ्यासारखी मऊ. मामांनी कॉम्प्रेसरची नळी ओढली आणि हवा मारली. कुठल्याही गॅरेजमध्ये ड्रम असाच साफ करतात, लहानपणापासून मी हेच बघत आलोय. शेडच्या पत्र्याला एक भोक होतं, त्यातून उन्हाची तिरीप यायची. त्या तिरिपीत ती भुकटी बराच वेळ तरंगत होती. माझ्या हातातल्या चहावर तिचा पातळ थर बसला. माझी नऊ वर्षांची मुलगी जेवायला बोलवायला आली होती, ती दारातच उभी होती.

त्या रात्री मेलबर्नच्या मावसभावाला हौसेनं व्हिडिओ कॉलवर ड्रम दाखवला. त्यालाही जुन्या गाड्यांचं वेड आहे. त्याचा पहिला प्रश्न, "हवा मारलीत का?" मी हो म्हटल्यावर तो गप्प झाला, मग म्हणाला, "उद्या कामाला हात लावू नकोस. आधी माझं ऐक."

जुन्या ब्रेकच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतो, हे त्यानं सांगितलं. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे. तिथे बाहेरून जुनी गाडी आणायची तर तिच्यात ॲस्बेस्टॉस नाही याची खात्री आणणाऱ्यानं करून द्यावी लागते. शंका आली तर सीमेवर गाडी अडवतात, नमुने तपासतात, तो खर्चही मालकावर. त्याच्या ओळखीतल्या एकाची जुनी गाडी ब्रेकचे लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) आणि गॅस्केट (दोन भागांच्या जोडात बसवायचं पॅकिंग) यांपायी अडकून पडली होती. आपल्याकडे मात्र ॲस्बेस्टॉस म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो सिमेंटचा पत्रा. तो ब्रेकच्या लायनरमध्ये, क्लच प्लेटमध्ये, हेड गॅस्केटमध्ये आणि सायलेन्सरच्या पॅकिंगमध्येही असतो, हे चाळिशी ओलांडेपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं.

ब्रेकला उष्णता सोसणारी, घासली तरी न फाटणारी आणि स्वस्त अशी वस्तू हवी असते. क्रायसोटाइल म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस, त्यात हे तिन्ही गुण आहेत. म्हणून त्याचे तंतू रेझिनमध्ये मिसळून वर्षानुवर्षं लायनर बनत आले. हे तंतू केसापेक्षा कित्येक पटींनी बारीक. श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात, आणि शरीराला ते सगळे बाहेर काढता येत नाहीत. फुप्फुसं राठ होत जाणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कॅन्सर, फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर म्हणजे मेसोथेलिओमा हे आजार त्यातून होतात. मेसोथेलिओमा दिसायला वीस ते पन्नास वर्षं लागू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढऱ्यासकट, माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरते. नऊ वर्षांच्या मुलीच्या बापानं हा वीस ते पन्नास वर्षांचा हिशोब एकदा मांडला, की त्याला झोप लागत नाही.

मग पुण्यातली एक प्रयोगशाळा शोधली, जिथे सूक्ष्मदर्शकाखाली तंतू ओळखून देतात. पाच नमुने पाठवले: ब्रेकचा लायनर, क्लच प्लेटचा तुकडा, मॅनिफोल्डचं पॅकिंग, आणि वडिलांच्या कपाटातली एक करडी जॉइंट शीट, म्हणजे जिच्यातून गॅस्केट कापतात ती, नि एक पांढरी दोरी. प्रत्येक नमुना पाण्यानं भिजवून चिमट्यानं उचलायचा, दोन पिशव्यांत बंद करायचा, असं त्यांनीच बजावलं होतं. दहा दिवसांनी अहवाल आला. चार नमुन्यांत क्रायसोटाइल, क्लच प्लेटमध्ये नाही. ती प्लेट वडिलांनी पुढे कधीतरी बदलली होती, त्यामुळे असेल. मला मात्र लायनर आणि प्लेट दोन्ही सारखेच दिसत होते. मामांनाही. नुसतं बघून हे ओळखता येत नाही, ही गोष्ट तेव्हा मनात पक्की बसली.

फोनवर तिथल्या केमिस्टबाईंनी आणखी एक गोष्ट समजावली, ती फार मोलाची. ब्रेक लावताना इतकी उष्णता होते की ड्रममधल्या भुकटीतल्या बऱ्याच तंतूंचं रूप बदलून ते ॲस्बेस्टॉस उरत नाहीत. थोडे उरतात, म्हणून हवा मारणं वाईटच. पण नवा लायनर बसवताना तो ड्रमला जुळावा म्हणून कानशीनं घासतात, ग्राइंडरवर धरतात, भोकं पाडतात, तेव्हा उडतात ते ताजे, अख्खे तंतू. मला लगेच मामांचा डावा हात आठवला. व्हाइसमध्ये ब्रेकचा शू, म्हणजे लायनर बसवलेली कमान, धरून कानस चालवताना ते मधूनमधून तोंडानं फुंकर मारून धूळ उडवतात.

मामांना सांगायला गेलो तर म्हणाले, "आरं, चाळीस वर्सं झाली हवा मारतोय. मला काय झालंय?" मी वाद घातला नाही. अहवाल समोर ठेवला आणि विचारलं, "मामा, घरी गेल्यावर तुमचे कामाचे कपडे कोण धुतं?" ते म्हणाले, "मामी." कामगाराच्या कपड्यांवरून घरी गेलेल्या धुळीनं घरच्या बायका आजारी पडल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत, हे मी सांगितलं. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता दुसरं चाक कसं खोलायचं ते सांग."

२७ जानेवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉस कामगारांबद्दल निकाल दिला. कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे उशिरा येईल तोवर ठेवायची. आजार लागला तर भरपाई द्यायची. कारखान्यातल्या माणसाला निदान तो कागद तरी आहे. पत्र्याच्या शेडमध्ये रोजावर लायनर घासणाऱ्या मिस्त्रीची नोंद कोणत्या वहीत आहे? हा प्रश्न मला आजही छळतो.

आम्ही दोघं छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. मला त्यांनी सांगितलं की एका दिवसाच्या धुळीनं धोका फार वाढत नाही, आणि आज एक्स-रे काढून काही कळायचंही नाही. मामांची मात्र श्वासाची तपासणी केली, एक्स-रे काढला, दर वर्षी यायला सांगितलं. आणि बिडी सोडा म्हणाले, कारण ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढतो. मामांनी बिडी कमी केली आहे. सोडलेली नाही.

उरलेली तीन चाकं आम्ही वेगळ्या पद्धतीनं खोलली. शेडमधला पंखा बंद, कॉम्प्रेसरची नळी काढून ठेवली, मुलांना मागच्या अंगणात यायला बंदी. चाकाखाली जाड प्लॅस्टिक आणि त्यावर पसरट घमेलं. कोविडच्या वेळचे उरलेले कापडी मास्क याला चालत नाहीत. बारीक धूळ अडवणाऱ्या पी१०० फिल्टरचे, चेहऱ्याला रबरानं घट्ट बसणारे अर्धे मास्क आणले. दाढी असली की रबर नीट बसत नाही, हवा कडेनं आत येते, म्हणून मी दाढी काढली. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब. ड्रम किंचित सुटला की फटीतून आत फवारा, थोडं थांबायचं, परत फवारा, मग ड्रम ओढायचा. या वेळी तिरिपीत काही तरंगलं नाही. राखेचा चिखल घमेल्यात पडला. तो ओल्या चिंध्यांनी पुसून घेतला आणि चिंध्यांसकट पिशवीत भरला. झाडू एकदाही हातात घेतला नाही. शेवटी कपडे तिथेच उतरवून वेगळे भिजवले आणि आंघोळ करूनच घरात पाऊल टाकलं. एका चाकाला सव्वा तास लागला. हवा मारून ते काम दहा मिनिटांत होतं, हेही खरं.

नवे लायनर घेताना खोक्यावर ॲस्बेस्टॉसविरहित लिहिलेलेच घेतले. एका दुकानदारानं वर्षानुवर्षं पडून असलेला जुना माल दाखवला, खोक्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. "ओरिजिनल आहे साहेब, असा आता मिळत नाही," म्हणाला. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांना ओरिजिनल या शब्दाची भूल पडते, मलाही पडायची. लायनर आणि गॅस्केट मूळचंच हवं हा हट्ट मी सोडला.

वडिलांच्या कपाटातली शीट मात्र मनाला लागली. कोल्हापूर फाउंड्रीचं गाव, त्यामुळे असल्या शीट, दोऱ्या, भट्टीचे हातमोजे इथे घरोघरी सापडतात. त्या शीटला वडिलांनी पंचनं पाडलेली गोल भोकं होती, कडेला पेन्सिलनं त्यांच्या अक्षरात 'वॉटर पंप' लिहिलेलं. ते गॅस्केट कापताना मी शेजारी बसून उडालेल्या गोल चकत्या गोळा करायचो, खेळायला. ती शीट भिजवून दुहेरी पिशवीत बंद करताना हात थरथरला. शेडच्या सिमेंटच्या पत्र्याला आम्ही हात लावला नाही. धड असलेला पत्रा तसाच राहू द्यायचा, त्याला ड्रिल लावायचं नाही, शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडायचं नाही. भोकावर फक्त बाहेरून पट्टी चिकटवली.

गाडी मार्चमध्ये रस्त्यावर आली. रंकाळ्याला एक फेरी मारली, मामा शेजारी बसले होते. ब्रेक छान लागतात.

कचरा मात्र अजून घरीच आहे. घातक कचऱ्याचे नियम आहेत, तो नेऊन नीट पुरण्याची सोय रांजणगाव, तळोजा इथे आहे, पण ती कारखान्यांसाठी. एका कार्यालयात तीन वेळा गेलो. तिथल्या साहेबांनी शेवटी सांगितलं, "एवढ्याशा अर्ध्या पोत्याला कोण विचारतंय, घंटागाडीत टाका." घंटागाडीवरची पोरं हातानं कचरा वेगळा करतात, ते मी रोज बघतो. पिशव्या वडिलांच्या जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलंय. वर लाल रंगानं लिहिलंय: ॲस्बेस्टॉस, उघडू नये. आता एका फाउंड्रीवाल्या मित्राशी बोलणं चालू आहे. त्यांचा कचरा रांजणगावला जातो, त्याबरोबर रीतसर कागद करून माझा पाठवता येईल का, हे तो विचारून सांगणार आहे.